रिकाम्या गाडीचं वजन

१२ जानेवारी

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि. (नमस्कार पद्धतीचा आहे. विनंती खरी आहे.)

फोनवर तुम्ही मध्येच ठेवून देता आणि मी रिकाम्या फोनवर ओरडत बसते. शेजारी ऐकतात. म्हणून यापुढे जे बोलायचं ते पत्रानेच.

परवा अण्णांना भेटायला आले तेव्हा बंबाला पाहिलं. दादाने तो आणला तेव्हा त्याच्या कोटाच्या खिशात तोंड खुपसून झोपायचा. आता नऊ वर्षांचा झालाय आणि मास्टिफसारख्या थोराड जातीला नऊ म्हणजे म्हातारपणच. पण म्हातारपण वेगळं आणि हे वेगळं. मी आत आले तर त्याला उठायचं होतं. तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा मागचे पाय फरशीवरून घसरले. शेवटी अण्णांनी त्याच्या पोटाखालून टॉवेल घातला आणि उचलून धरला. एकोणऐंशी वर्षांचा माणूस चौऱ्याहत्तर किलोच्या कुत्र्याला उचलतो आणि तुम्ही स्वयंपाकघरातून चहा हवा का विचारता.

मी डॉक्टरांशी स्वतः बोलले. रक्त तपासलंय, आजार काही नाही, खाणं जास्त आहे एवढंच. दहा किलो उतरलं पाहिजे. नाही उतरलं तर खुबे आणि गुडघे पुढच्या थंडीपर्यंत टिकणार नाहीत. एवढं मोठं जनावर उठेनासं झालं की काय करतात ते तुम्हाला माहीत आहे.

तुम्ही हात सैल सोडून वाढता, वहिनी. दादालाही तसंच वाढलंत. त्याला जाऊन चौदा महिने झाले आणि आता त्याचं कुत्रं त्याच वाटेवर आहे.

माझ्याकडे तळमजला आहे, अंगण आहे, आणि शाळा सुटली की चारपासून मी घरात असते. तेव्हा अट सांगते. बारा आठवडे घ्या. १३ एप्रिलला मी रजा काढून दवाखान्यात येईन. काट्यावर चौसष्ट आले तर बंब तुमचा, मी पुन्हा शब्द काढणार नाही. नाही आले तर मी त्याला घेऊन जाईन. बंब जिथे तिथे आपण, असं अण्णा तुमच्यादेखत म्हणालेत, म्हणजे तेही माझ्याकडे येतील. तुम्हाला मोकळं वाटेल असा माझा अंदाज आहे.

लोभ असावा असं शेवटी लिहितात, म्हणून लिहिते.
चिमणी

१९ जानेवारी

चि. चिमणीस,
अ. उ. आशीर्वाद. वयाने मोठी आहे म्हणून द्यावे लागतात.

तुझं पत्र मी पुरं वाचलं आणि दोनदा वाचलं. तुझा दादा शेवटचे तीन महिने बिनमिठाचं जेवला, ते मी रांधलं आणि त्याच्याबरोबर मीही तसंच खाल्लं. तू त्या तीन महिन्यांत एकदा आलीस, ती केक घेऊन. कोण हात सैल सोडतं ते मी तुला सांगायला नको. बंबासाठी तू पाठवलेला बिस्किटांचा डबा या पत्राबरोबर परत पाठवते आहे. अर्धा रिकामा आहे, तेवढा तुझा वाटा त्याच्या पोटावर आहे असं समज.

अट मला कबूल आहे. मोकळं वाटेल म्हणतेस, तर एक लिहून ठेवते. कामावरून आले की दार उघडायच्या आधी आतून बंबाच्या शेपटीचा दारावर धपधप आवाज येतो आणि मागून अण्णा विचारतात की किल्ली आहे ना. ते दोन आवाज गेले तर मी त्या घरात कशाला जायचं ते मला कळणार नाही. हे तुला कळावं म्हणून लिहिलेलं नाही.

आता कामाचं. डॉक्टरांनी खाण्याचं माप लिहून दिलंय, सकाळी एक आणि संध्याकाळी एक. कपात वरपर्यंत भरून नाही, सुरीचं पातं फिरवून सपाट. मध्ये मागितलं तर कच्चं गाजर नाहीतर घेवड्याच्या उकडलेल्या शेंगा. हाडांसाठी माशाचं तेल. फरशीवर रबरी पट्ट्या अंथरल्या, दारातल्या चार पायऱ्यांवर फळी टाकली. दिवसातून चार वेळा दहा-दहा मिनिटं चालवायचा.

वजनाचं असं, की दवाखाना लांब आणि बंबाला गाडीत चढवायला तीन माणसं लागतात. म्हणून दर रविवारी सकाळी घराजवळच्या आमच्या गोदामातल्या काट्यावर. तुला माहीत आहे, पार्सल तोलणं हेच माझं बावीस वर्षांचं काम. जमिनीलगतचा काटा आहे, हातगाडीसकट माल वर चढवायचा. प्रत्येक गाडीचं रिकामं वजन एकदा घेऊन तिच्या अंगावर रंगवलेलं असतं, तेवढं वजा केलं की माल निघतो. बंब त्या पत्र्यावर एकटा उभा राहत नाही, पत्रा हलला की थरथरतो. अण्णा पट्टा धरून शेजारी उभे राहिले तर राहतो. म्हणून आधी अण्णांचं एकट्याचं वजन घेतलं, ६६. मग दोघांचं मिळून १४०. म्हणजे बंब ७४. अण्णा म्हणाले की सूनबाईने मला रिकामी गाडी केलं. पहारेकरीसुद्धा हसला.

अण्णांची काळजी तू करू नकोस. माझी पाळी अकरा ते आठ. त्यांचं दुपारचं आणि संध्याकाळचं जेवण मी झाकून ठेवून जाते. येते तेव्हा ताट धुऊन पालथं घातलेलं असतं.

आकडे दर आठवड्याला कळवीन. लोभ ठेवायचा की नाही ते तुझ्यावर.
वहिनी

८ फेब्रुवारी

ती. वहिनीस, सा. न.

तुमचं पत्र आणि मागून दोन पोस्टकार्डं मिळाली. ७४, मग ७३, मग ७२.३. आकडे छान आहेत. आकडे कागदावर नेहमी छानच असतात, मी पंचवीस वर्षं गणिताच्या वह्या तपासते आहे.

डॉक्टर म्हणाले होते की काट्यापेक्षा हाताने बघा. आपली मूठ वळायची आणि वरच्या हाडांवरून दुसरा हात फिरवायचा. कुत्र्याच्या बरगड्या हाताला तशा लागल्या पाहिजेत. बंबाच्या लागतात का? तिन्हींत हे कुठेच नाही.

आणखी एक. अण्णांशी फोनवर बोलले तर आवाज खोल गेलेला वाटला आणि बोलताना मधूनमधून शिलाई मशीनचा आवाज येत होता. शिवणाचं दुकान बंद करून दहा वर्षं झाली. या वयात त्यांच्याकडून कोणाचे कपडे शिवून घेता?

उत्तराची वाट पाहते. बाकी काही पाहत नाही.
चिमणी

२ मार्च

चि. चिमणीस, आशीर्वाद.

काल दोघांचं मिळून १३५ भरलं. म्हणजे बंब ६९. सहा आठवड्यांत पाच किलो, डॉक्टर फोनवर म्हणाले की अगदी हवं त्या गतीने चाललंय. आकडा वाचून मी त्या पत्र्याशेजारी उभी राहून मोठ्याने हसले. पंधरा-सोळा महिन्यांत पहिल्यांदा हसले असेन. अण्णा माझ्याकडे बघत राहिले आणि मग तेही हसले. हे तुला आवडणार नाही म्हणून मुद्दाम लिहिते.

बरगड्या अजून लागत नाहीत. जाड कातडीचं जनावर आहे, वेळ लागतो. हाताला काय वाटतं यावर मी विश्वास ठेवला असता तर गोदामातून रोज निम्मा माल चुकीचा गेला असता.

अण्णा कोणाचे कपडे शिवत नाहीत. बंबाच्या गादीला खोळ शिवली, बाकी स्वतःचंच काहीतरी उसवतात आणि शिवतात. हाताला चाळा आहे. थंडी म्हणून दाढीही वाढवली आहे, बरी दिसते. माणसाला त्याच्या घरात मशीन चालवायला तुझी परवानगी लागत नाही.

सहा आठवडे राहिले. रजेचा अर्ज देऊन ठेव.
वहिनी

१० मार्च

ती. वहिनीस, सा. न.

तुमचे सगळे आकडे एका कागदावर मांडून लाल पेनने तपासले. प्रत्येक बेरजेतून ६६ वजा केले. एकही चूक सापडली नाही. सापडावी अशी इच्छा होती, हे कबूल करते.

तरी एक कळत नाही. पाच किलो उतरलं, मग बंबाला उठवायला अजून टॉवेल लागतो असं फोनवर अण्णांच्या तोंडून निघून गेलं, ते का? अण्णांना विचारलं तर म्हणाले की तो आहे तसा बरा आहे, तू मुलांना शिकव. मी त्यांची मुलगी आहे की कोणी तपासनीस, तेच मला कळेनासं झालंय.

बाकी १३ एप्रिलला समोरासमोर.
चिमणी

६ एप्रिल

चि. चिमणीस, आ.

काल १३१. बंब ६५. एक किलो राहिला आणि एक आठवडा राहिला.

मी काय केलं ते तुला एकदा ऐकवणार आहे. सकाळी पाचला उठून त्याला चालवते. माप सपाट करते. तो माझ्या गुडघ्यावर डोकं ठेवून बघतो तेव्हा तोंड फिरवते. सात-आठ वर्षं ज्याला तुझ्या दादाने ताटातला घास दिला त्याला मी नाही म्हणते आणि त्याने माझ्याकडे बघणं सोडलंय. आताशा तो दिवसभर अण्णांच्याच खुर्चीला चिकटून असतो. मी आले की शेपूट वाजवतो, पण उठून येत नाही. ते मी सोसलं. माझ्या हातून माणूस गेला असं तू सतरा महिने गावभर सांगितलंस, निदान कुत्रं गेलं असं सांगता येणार नाही.

येताना मोठी पिशवी आणू नकोस. न्यायला काही मिळणार नाही.
वहिनी

१४ एप्रिल

वहिनी,

मायना लिहीत नाही. सुचत नाही.

कालचं सगळं तुमच्यासमोर झालं, तरी लिहिते, कारण त्यातलं अर्धं मला घरी आल्यावर कळलं. दवाखान्यातला काटा मोठा, रबर लावलेला, हलत नाही. बंब त्यावर एकटा उभा राहिला आणि पंचाहत्तर आले. जानेवारीपेक्षा एक जास्त. तुम्ही म्हणालात की काटा बिघडलाय. त्यांच्या माणसाने वीस किलोचं पोतं ठेवून दाखवलं, वीस भरलं. परवाच्या रविवारी आमच्याकडे १३० होते, बंब चौसष्ट होता, असं तुम्ही पुन्हा पुन्हा म्हणत राहिलात. मी चार लोकांसमोर तुम्हाला खोटारडी म्हणाले. बारा आठवडे घरी बसून आकडे रचले असं म्हणाले. अण्णा बाकावर बसून जमिनीकडे बघत होते. मला वाटलं, सुनेची लाज वाटते आहे.

मग बाहेर त्यांना गाडीत बसवताना पायरी उंच होती म्हणून मागून दोन्ही हातांनी धरलं. तीन महिन्यांत मी त्यांना हात लावला नव्हता. स्वेटरच्या आतून एकेक बरगडी माझ्या बोटांना लागली, डॉक्टरांनी मुठीवर दाखवली होती तशी. मी त्यांच्या पँटकडे पाहिलं. मागच्या शिवणीशेजारी जुन्या टाक्यांच्या भोकांच्या तीन ओळी होत्या, एकीच्या आत दुसरी. मी शिंप्याची मुलगी आहे. तीनदा उसवून तीनदा आत घेतलेली पँट मला ओळखता येते. त्या मशीनवर ते काय शिवत होते ते तुम्हाला आता कळलं असेल.

घरी येऊन तो लाल कागद काढला. १३० वजा ७५. पंचावन्न. काट्यावर खरंच १३० होते, तुम्ही काही रचलं नव्हतंत. अकरा किलो उतरलं, ते माझ्या वडिलांचं उतरलं. तुम्ही बावीस वर्षं गाड्या तोलता म्हणून माणसालाही गाडी समजलात. एकदा रंगवलं ६६ आणि पुढे बघितलंच नाही. घरात एक माणूस दर आठवड्याला किलोभर कमी होत होता आणि तुम्ही त्या आकड्यावर हसत होतात, ते मला पत्रातून कळवत होतात.

अट ठरलेली आहे. रविवारी गाडी घेऊन येते. बंब आणि अण्णा, दोघांचं सामान तयार ठेवा.

चिमणी

१७ एप्रिल

चिमणी,

अण्णांना काल मी आपल्या डॉक्टरांकडे नेलं. सगळं तपासलं. आजार नाही. त्यांना विचारलं, दुपारचं जेवण काय करता. म्हणाले की आम्ही दोघे मिळून जेवतो. दोघे म्हणजे कोण ते मी विचारलं नाही. ताट धुतलेलं असायचं, ते पाण्याने धुतलं की आणखी कशाने, तेही मी बारा आठवडे विचारलं नव्हतं.

सकाळी मी त्यांना बघायची, पण अंगावर शाल असायची. रात्री यायची तेव्हा ते पांघरुणात. दाढीने गाल भरलेले दिसले. ही कारणं आहेत, उत्तर नाही, मला ठाऊक आहे.

आता तुला दोन शब्द. मी तोललं, पण तपासलंस तू. गणिताच्या बाई, लाल पेन घेऊन बसलीस आणि प्रत्येक ओळीत ६६ वजा केलेस. एकदा तरी थांबलीस का त्या ६६ वर? आवाज खोल गेला हे तुला ऐकू आलं होतं, मशीन ऐकू आली होती, टॉवेल लागतो हे खटकलं होतं. तरी तू आली नाहीस, कारण रजा १३ तारखेची होती. माझ्याहून तू कुठे वेगळी आहेस ते मला दाखव.

तरी अट मी हरले. सामान बांधते आहे. अण्णांच्या औषधांची यादी वरच्या खणात आहे. बंबाला माप सपाट, डोंगर नाही. तेलाची बाटली वेगळी बांधली आहे, सांडते.

मी रविवारी कामावर जाईन. सुट्टी असली तरी जाईन. काही न्यायचं राहिलं तर घराची किल्ली गोदामाच्या पहारेकऱ्याकडे मिळेल.

वहिनी

१९ एप्रिल, रविवार सकाळ

चि. चिमणीस आणि सूनबाईस,
दोघींना एकच पत्र आणि एकच आशीर्वाद, वाटून घ्या. चिमणी दारात गाडी घेऊन उभी राहील तेव्हा तिच्या हातात देईन. सूनबाईसाठी दुसरी प्रत उतरवून तिच्या डब्यात ठेवली आहे, म्हणजे दुपारी गोदामात एकटी बसून डबा उघडेल तेव्हा सापडेल.

आलेली आणि टाकायची, दोघींची पत्रं सूनबाई टेबलावर ठेवते आणि तुम्हाला वाटतं की म्हाताऱ्याला वाचता येत नाही. मी सगळी वाचली. शिंप्याच्या कानांतून आणि नजरेतून काही सुटत नाही, लोक त्याच्यासमोर कपडे काढून उभे राहतात.

आधी कुत्र्याचं. त्याला उपाशी ठेवू नका असं मी म्हणत नाही. डॉक्टरचं बरोबर आहे, माप बरोबर आहे, चूक माझी आहे आणि त्याचे पाय गेले तर माझ्यामुळे जातील. हे मला रात्रंदिवस टोचतं. पण दुपारी एकला घरात मी असतो आणि तो असतो. मी झाकण उचललं की तो समोर येऊन बसतो. दादा गेल्यापासून माझ्या जेवणाकडे बघणारं या घरात दुसरं कोणी नाही. पहिला घास त्याला दिला तेव्हा वाटलं एकच. मग मला जेवण जाईना आणि त्याला पुरेना, तेव्हा जमून गेलं. मुलगा गेल्यावर बापाला भूक लागते याचीच मला शरम वाटायची. ती शरम त्याने खाऊन टाकली.

आता काट्याचं. सूनबाई, चौथ्या रविवारी मला कळलं. शिवणाऱ्या माणसाला स्वतःची कंबर कळते. तुला सांगायला मी तोंड उघडणार होतो. मग तू कागदावर वजाबाकी केलीस आणि तुझा चेहरा सैल झाला. मग त्या सहाव्या रविवारी तू हसलीस. माझा मुलगा गेल्यापासून मी तुला हसताना पाहिलं नव्हतं. ते माझ्या अकरा किलोंत मिळत होतं, मला स्वस्त वाटलं. मी पँट आत घेतली. मूर्खपणा होता, तो माझा, त्यात तुझं काही नाही.

चिमणे, तू तिला चार लोकांसमोर खोटारडी म्हणालीस. ती माफी तू मागायची आहेस आणि ती मी ऐकणार आहे.

तुम्ही दोघींनी पैज लावली. बंब कोणाचा, आणि बंबामागे मी फुकट. माझ्या मुलाचं नाव घेऊन भांडलात, त्याच्या कुत्र्यावरून भांडलात. मी कुठे राहणार ते मला एकीनेही विचारलं नाही. मी बंब जिथे तिथे आपण म्हणालो होतो, आणि बंब इथेच राहणार आहे, कारण रबरी पट्ट्या इथे आहेत आणि फळी इथे आहे. सामान मी पहाटे सोडून परत खणात लावलं. सूनबाईने दुपारी बाराला सुटणारी सकाळची पाळी मागून घ्यावी. दुपारी एकला ती समोर बसेल, मी जेवेन आणि बंब आतल्या खोलीत कडी लावून राहील. तो रडेल. रडू दे.

चिमणे, आणलेली गाडी परत पाठवू नकोस. तीतून तू, मी आणि बंब, आपण तिघे गोदामाकडे जाऊ. पहारेकरी दार उघडेल, सूनबाई आत आहे. काट्यावर आधी मी एकटा उभा राहणार आहे. आकडा दोघींनी वाचावा, लाल पेनने आणि साध्या पेनने लिहून ठेवावा, आणि पुढच्या रविवारी पुन्हा. कमी आला तर खुशाल भांडा, मी थांबवणार नाही. फक्त या वेळी माझ्यावरून भांडा.

दोघींच्या लोभाची मला अजून भूक आहे, तेवढं माप डॉक्टरांनी ठरवलेलं नाही.

तुमची रिकामी गाडी,
अण्णा